निंगप्पाचा उजवा गाल

मी, कुंडलिक हिंदुराव देठे, वय एकसष्ट, धंदा चादरींच्या नक्ष्या काढणे, मूळचा करकंबचा, गेली बेचाळीस वर्षे राहणार साखर पेठ, सोलापूर, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. कोणी लाडीगोडी लावलेली नाही, आणि लावून मिळण्याजोगे माझ्याकडे फारसे काही नाही. उजव्या डोळ्याने दिसत नाही, डाव्याने भिंग धरले तर दिसते, म्हणून अक्षर मोठे आले आहे आणि ओळी उतरत गेल्या आहेत. वकीलसाहेबांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात एकही वाक्य माझ्या ओळखीचे वाटले नाही. तेव्हा त्यांची कलमांची रीत तेवढी घेतली आणि बाकीचे मी लिहितो. याला तीन सकाळी लागल्या.

माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, दोन महिने धरा. मी म्हटले, पक्के सांगा, मला कामाचा अंदाज बांधायचा आहे. ते म्हणाले, असे पक्के सांगता येत नसते. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या धंद्यात मला गिऱ्हाइकासमोर असे एकदाही म्हणता आले नाही.

हे मृत्युपत्र खरे तर एकाच कलमासाठी आहे, ते सातवे. आमच्या गल्लीत कडक भाकरी करून विकणाऱ्या पार्वतम्मा यांना त्यांच्या मेलेल्या मुलाचा चेहरा कापडात विणून देतो असा शब्द मी दिला होता. तो मी मोडला. आता दुरुस्त करायला दिवस पुरत नाहीत. बाकीची कलमे आधी उरकून घेतो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि मागचा पत्र्याचा आडोसा. याचा अर्धा भाग मुलगा आप्पा याला, जो श्रीपूरला कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे, आणि अर्धा भाग मुलगी विजयमाला हिला, जी नातेपुत्यास दिलेली आहे. दोघांनी भांडू नये. भांडलेच तर बाहेरच्या खोलीत भांडू नये, कारण तिथे माझे टेबल आहे आणि टेबलावर कलम सातचे काम पसरलेले आहे. ते काम तिथून हलेपर्यंत ती खोली भाड्याने देऊ नये, झाडूसुद्धा जपून मारावा. पुठ्ठ्याचा एक पत्ता इकडचा तिकडे झाला तर माणसाचे नाक कपाळावर जाईल.

आप्पा गेल्या दिवाळीला मला म्हणाला होता, "दादा, त्या बाईला एक चांगली जाड चादर द्या आणि मोकळे व्हा." मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. आता लिहून ठेवतो की तो वाईट बोलला नव्हता. शंभरातली नव्वद माणसे तेच बोलली असती. मीही दोन वर्षांपूर्वी मनातल्या मनात तेच बोललो होतो, आणि त्याचेच हे फळ आहे.

कलम २. पोस्टात जे काही असेल त्यातून माझ्या आजारपणाचा आणि शेवटच्या दिवसाचा खर्च व्हावा, उरेल ते विजयमालाला. माझी बायको बजाबाई हिला जाऊन अकरा वर्षे झाली. तिची पितळी परात आणि दोन नऊवार लुगडी फडताळात आहेत, तीही विजयमालाला. बजाबाईला मी लग्नात शब्द दिला होता की दर वर्षी एकदा माहेरी घेऊन जाईन. सव्वीस वर्षांत चार वेळा नेले. ती म्हणायची, "चादरवाल्यांच्या तारखा पाळता, माझीबी एखादी पाळा की." मी हसायचो. घरच्या माणसाला दिलेली तारीख पुढे ढकलता येते असे मला वाटायचे. तिची क्षमा मागायला आता कलम पुरत नाही.

कलम ३. या कलमात कोणाला काही द्यायचे नाही, म्हणून वकीलसाहेबांनी ते काढायला सांगितले होते. मी ठेवले आहे. माझ्या मागे जो कोणी हे वाचेल त्याला माझा धंदा कळला नाही तर माझा गुन्हाही कळणार नाही.

चादरीवर जो मोर असतो, वेल असते, कमळ असते, ते आधी बारीक चौकटींच्या कागदावर काढावे लागते. एक चौकट म्हणजे एक धागा. मग प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याचा एक लांब पत्ता घ्यायचा आणि भरलेल्या चौकटीच्या जागी भोक पाडायचे. असे शेकडो पत्ते दोरीने ओवून मागाच्या डोक्यावर चढवले की माग ते पत्ते एकामागून एक वाचतो आणि मोर विणतो. कागद काढणे आणि पत्ते पाडणे हे माझे काम. विणणे दुसऱ्याचे. आणखी एक गोष्ट. चादरीच्या मागाचे दोर असे बांधलेले असतात की आपण मधल्या रेषेपर्यंत अर्धीच नक्षी द्यायची, उरलेली अर्धी माग आपोआप आरशासारखी उलटी विणतो. डावीकडे एक मोर काढला की उजवीकडे दुसरा फुकट. यातच आमची सगळी सोय आहे.

मी एकतीस वर्षे स्वतंत्र धंदा केला आणि गिऱ्हाइकाला दोन शब्द दिले. एक, नक्षी ज्याची त्याचीच राहील, दुसऱ्याला मिळणार नाही. दोन, ठरल्या तारखेला मिळेल. दारावर पाटीही आहे, 'नक्षी ठरल्या तारखेस मिळेल.' पेठेत मला 'तारखेचे मास्तर' म्हणायचे. बजाबाईच्या दहाव्याच्या दिवशीसुद्धा घाटावरून येऊन मी पत्त्यांचा गठ्ठा पोचवला आणि कारखानदाराने तोंडात बोट घातले. मला त्याचा अभिमान वाटला. आज लाज वाटते. ही पाटी माझ्यानंतर लगेच उतरवावी आणि चुलीत घालावी.

कलम ४. माझ्या खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीनशे बारा नक्ष्यांचे कागद आहेत. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात ज्याला शब्द दिला त्या मालकाचे नाव आहे. हे कागद ज्याचे त्याला परत द्यावेत. मालक वारला असेल तर त्याच्या वारसाला द्यावेत. धंदा बंद करून गाव सोडून गेला असेल तर जाळावेत. विकू नयेत. आप्पा, हे तुला सांगतो आहे. पॉवरलूमवाले येतील, कागद नुसते बघायला मागतील. बघायलाही देऊ नकोस.

कलम ५. पत्ते पाडायचा लोखंडी साचा, पंच, लाकडी हातोडी, भिंग आणि चौकटींच्या कागदांचे कोरे ताव विजयमालाला. आप्पाला वाईट वाटायला नको. ती नऊ वर्षांची असल्यापासून माझ्यासमोर बसून कागद वाचायची. आमच्यात एकाने चौकटी वाचायच्या आणि दुसऱ्याने पाडायचे अशी पद्धत असते. "तीन पाड, दोन सोड, एक पाड." शाळेतल्या कवितांपेक्षा तिला ते लवकर पाठ झाले. तिचे लग्न झाले त्या दिवसापासून मी एकटाच वाचतो आणि एकटाच पाडतो, म्हणून वेळ दुप्पट लागतो.

माझा रेडिओ आणि कलम सातसाठी रंगवून ठेवलेले सूत माझे विणकर स्नेही चांदसाब यांना. सुताचे काय करायचे ते त्या कलमात आहे. रेडिओ त्यांनी ऐकावा.

कलम ६. चनबसप्पा मालक यांना काहीही नाही.

माझ्या नक्ष्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे चनबसप्पा. चोवीस माग. मी त्यांना बावीस वर्षे शब्द पाळून नक्ष्या दिल्या. त्यांचा एक मोर मुंबईच्या व्यापाऱ्याने माझ्याकडे तिप्पट मोबदल्याला मागितला होता, तो मी दिला नाही. पुढच्याच वर्षी चनबसप्पांनी दुसऱ्या मास्तराकडून माझ्या वेलीची पाने तेवढी वाकडी करून घेतली आणि मला दाखवायलाही आणली. "मास्तर, बगा, तुमच्यासारखीच आली का न्हाय?" हे मी विसरलो नाही. पण त्याहून मोठा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि तो राग खरा माझ्यावरचा आहे, त्यांच्यावर काढणे सोपे पडते म्हणून काढतो. ती गोष्ट पुढच्या कलमात.

कलम ७. निंगप्पा हा पार्वतम्मांचा एकुलता मुलगा. चनबसप्पांच्या कारखान्यात माग चालवायचा. विणकर सहसा आमच्याकडे येत नाहीत, त्यांना नक्षी कोणाची याच्याशी घेणे नसते. हा यायचा. दारात उभा राहून म्हणायचा, "मास्तर, तुमच्या मोराचा पाय आखूड पडतोय की. लंगडं मोर हाय व्हय?" आणि हसायचा. मी कागद तपासायचो, तर खरेच एक चौकट चुकलेली असायची. एकतीस वर्षांत माझी चूक तोंडावर सांगणारा तो एकटाच. पंचाहत्तरच्या श्रावणात तापाने आठ दिवसांत गेला. वय बावीस.

पुढच्या जेठात पार्वतम्मा माझ्याकडे आल्या. पदराच्या गाठीत निंगप्पाचा कारखान्याच्या पासावरचा फोटो होता, अंगठ्याच्या नखाएवढा. म्हणाल्या, "मास्तर, कागूद पिवळा पडतोय. चादर धुतली तरी ऱ्हाती. माझ्या पोराचं तोंड मला कापडात करून द्या. त्येनं लई मोर इनलं तुमचं." निंगप्पाला वर्ष होईल त्या श्रावणी सोमवारी त्यांना ते हवे होते. मी कॅलेंडर बघितले, दोन महिने होते, मी हो म्हटले. त्यांनी ठरलेले पैसे तिथेच पुढे केले. गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या, भीक मागायला नाही, हे नोंदवून ठेवतो.

माणसाच्या चेहऱ्याला आरसा चालत नाही हे मला पहिल्या दिवशी ठाऊक होते. पूर्ण चेहरा विणायचा तर मागाचे सगळे दोर सोडून नव्याने बांधायला हवेत, आणि नक्षीही दोन्ही अंगांची काढायला हवी. त्यातून फोटोवर कारखान्याचा गोल शिक्का होता, तो नेमका उजव्या गालावर. उजवा गाल शाईखाली गेलेला. मी म्हटले, आठवेल. रोज दारात उभा राहणारा मुलगा. डोळे मिटून बसलो. भुवई आठवली, आवाज आठवला, चप्पल आठवली. उजवा गाल आठवेना.

पार्वतम्मांना विचारायला हवे होते. पण त्याच वेळी चनबसप्पांनी दिवाळीच्या सहा नक्ष्या सांगितल्या आणि मी त्यांनाही तारीख दिली. श्रावण जवळ आला तेव्हा निंगप्पाचा डावा अर्धा तेवढा झाला होता. चनबसप्पा टेबलाशी उभे राहून म्हणाले, "आरं मास्तर, अर्धा झालाय की. चादरीच्या मागावर टाका. ऱ्हायलेला अर्धा माग करतोय. म्हातारी काय भिंग घिऊन बघनार हाय?" मागही त्यांनी दिला, एक दिवस, फुकट. त्यांनी सुचवले हे खरे. पण हातोडी माझ्या हातात होती. मी अर्ध्या चेहऱ्याचे पत्ते पाडले आणि सोमवारच्या आदल्या दिवशी कापड मागावरून उतरवून घेतले. तारीख पाळली.

पार्वतम्मा सकाळी टोपली घेऊन आल्या. टोपली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि कापड उलगडले. मग ते घेऊन दाराशी उजेडात गेल्या.

"मास्तर, ह्यो कोन?"

मी म्हटले, "निंगप्पा की, पार्वतम्मा."

"न्हाय. माझ्या पोराची एक भुवई तुटल्याली, उंबऱ्यावर पडल्याला. ह्येच्या दोनी तुटल्यात. माझं पोर एका अंगानं हसायचं. ह्यो दोनी अंगानं हसतोय."

त्यांनी कापडाची नीट घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"ह्यो दुसऱ्या कुनाचा तरी हाय. त्येच्या आईला द्या."

मी पैसे परत देऊ केले. त्यांनी हात लावला नाही. टोपली डोक्यावर घेता घेता एवढेच म्हणाल्या, "तुमी कबूल केलं हुतं." आवाज चढवला असता तर मला बरे वाटले असते.

ते कापड माझ्या उशाखाली आहे. ते जाळू नये, कारण काही झाले तरी ते तोंड आहे. कोणाला देऊही नये. त्याचे काय करावे हे मला सुचत नाही. जे सुचत नाही त्याचे कलम करता येत नाही, म्हणून ते तसेच सोडतो.

त्या दिवसानंतर मी नवे काम घेतले नाही. हातमागाचे जुने विणकर चांदसाब हे माझे चाळीस वर्षांचे स्नेही. त्यांना जाऊन सगळे सांगितले. त्यांच्याकडे दोन माग. त्यातल्या एकाचे सगळे दोर त्यांनी सोडले आणि पूर्ण रुंदीला पुन्हा बांधले, साडेचार महिने लागले. "कुंडलिकभाई, इस पे अब दुसरा कुच नै चडता. पैले बच्चे का मूं होयेंगा," असे म्हणाले. सव्वा वर्ष तो माग रिकामा उभा आहे. त्यांनी एकदाही विचारले नाही की कधी.

दुसरे काम उजव्या गालाचे. मी पार्वतम्मांच्या घरी गेलो आणि म्हटले, मला तुमच्या मुलाचा उजवा गाल सांगा. त्यांना वाटले मी भ्रमिष्ट झालो. पण पुढच्या सोमवारी भाकरी विकून झाल्यावर आल्या, आणि मग दर सोमवारी. मी कागदावर शिसपेन्सिलीने काढायचो, त्या बघायच्या. "अजून न्हाय. हितं गाल बसल्याला हुता, दाढ काढली हुती की." "हसला की हिकडचा व्हट चढायचा न्हाय, हाय तितंच ऱ्हायाचा." "कान खाली घ्या. एवढा न्हाय." मी खोडायचो, पुन्हा काढायचो. कागद झिरझिरीत झाला की नवा घ्यायचो. एकदा त्यांनी बोलता बोलता माझ्याच गालावर बोट ठेवून दाखवले, आणि मग पटकन हात मागे घेतला. त्या दिवशी लवकर गेल्या.

गेल्या कार्तिकात, एका सोमवारी, त्या कागदासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय. ह्योच." मग खाली बसल्या आणि तासभर उठल्या नाहीत. मीही त्यांच्यासमोर बसून राहिलो. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही.

म्हणजे नक्षी पुरी झाली. पत्ते पाडायचे राहिले, एकूण एक हजार नऊशे वीस. तोवर माझा उजवा डोळा गेला होता. मी सगळा कागद शहरातल्या दुसऱ्या एका मास्तराकडे नेला. त्याने आठ दिवसांत देतो म्हटले. मग म्हणाला, पुढच्या गुरुवारी. मग म्हणाला, संक्रांत होऊ द्या. संक्रांत झाली तरी कागदाची गुंडाळी मी दिली तशीच त्याच्या कपाटावर होती. मी ती उचलून घरी आणली. त्याच्या ओट्यावर बसून वाट बघताना मला पहिल्यांदा कळले की गिऱ्हाईक असणे म्हणजे काय असते. एकतीस वर्षे मी नुसता मास्तर होतो.

तेव्हापासून भिंगाने एकेक चौकट वाचून मी पाचशे चाळीस पत्ते पाडले आहेत. कपाळ झाले, दोन्ही भुवया झाल्या. एकच तुटलेली आहे. तेराशे ऐंशी राहिले. आधी दिवसाला बारा होत होते, आता पाच होतात, आणि त्यातला एखादा चुकतो. डॉक्टरांचे दोन महिने धरले तर माझ्या हातून निंगप्पाचे नाकही पुरे होत नाही. हे काम माझ्या हयातीत होत नाही, हे मी शुद्धीत, विचार करून, भागाकार करून लिहीत आहे.

म्हणून माझ्या पश्चात खालीलप्रमाणे व्हावे. निंगप्पाच्या नक्षीचा कागद, पाडलेले पत्ते आणि कोरे पत्ते यांची मालकी पार्वतम्मांची. उरलेले पत्ते विजयमालाने नातेपुत्याहून येऊन, घरचे सांभाळून जमतील तसे पाडावेत. तिला तीन लेकरे आहेत आणि सासू अंथरुणाला आहे. मी तिला शब्द मागत नाही. पत्ते पुरे झाले तर चांदसाब यांनी ठेवलेल्या सुताने ते विणावे आणि विणलेले कापड पार्वतम्मांना द्यावे. पुरे झाले नाहीत तर पार्वतम्मांच्या वाट्याला एक चौकटींचा कागद आणि पुठ्ठ्याची रास येईल. मी एवढेच मागे ठेवू शकलो.

कलम ८. मला रूपाभवानीच्या स्मशानात न्यावे. वाजंत्री नको. पेठेतल्या कारखानदारांना मुद्दाम कळवू नये. अंगावर माझ्या नक्षीची चादर घालू नये, पांढरे कापड घालावे, ज्यावर काहीही काढलेले नाही.

दुरुस्ती. आज सोमवार, सही करण्याआधी लिहिली.

वकीलसाहेबांनी बजावले होते की साक्षीला दोन माणसे लागतात आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याची साक्ष घेऊ नये, मागाहून संशय येतो. मी बसून माणसे आठवली. माझ्या ओळखीच्या जवळजवळ सगळ्यांना मी काही ना काही देतो आहे. ज्याला काहीच द्यायचे नाही असा एकच माणूस निघाला. मी चनबसप्पांना निरोप पाठवला आणि ते आले. दुसरा साक्षीदार म्हणून वकिलांचा कारकून दहाला येतो म्हणाला होता. बारा वाजले, तो आला नाही.

चनबसप्पांना मी म्हटले, मोठ्याने वाचा, मला ऐकायचे आहे. त्यांनी कलम सहा वाचले, थांबले, चष्मा पुसला. कलम सातमध्ये त्यांचेच शब्द आले तेव्हा म्हणाले, "मी आसं म्हनालो हुतो व्हय? ध्येनात न्हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी लिवलंय म्हंजी म्हनालो आसंन." आणि पुढे वाचू लागले. मला त्यांच्याकडून याहून जास्त काही नको होते, हे तेव्हा कळले.

ते वाचत असताना पार्वतम्मा दारात येऊन उभ्या होत्या. त्यांचा वार. टोपली डोक्यावरच होती. सगळे ऐकले, मग आत आल्या.

"मास्तर, ते माझं नाव काडा त्येच्यातनं."

मी म्हटले, "पार्वतम्मा, ते तुमच्यासाठीच लिहिले आहे."

"मेलेल्या मानसाच्या हातनं मला काय नगं. माझ्या घरात एक मेलेला हाय, त्यो बास हाय. शबूद तुमी दिला. तुमी जित्तं असताना द्या."

"माझा डोळा चालत नाही."

"माझा चालतोय की. चौकोनच मोजायचं न्हवं? भरल्याला आन् रिकामा. भाकरी मोजती की मी रोज."

चनबसप्पा म्हणाले, "पार्वतम्मा, आसं नाव काडलं तर तुमाला कायद्यानं काय ऱ्हात न्हाय. आन् दुसरा साक्षीदारबी आजून आला न्हाय."

त्या म्हणाल्या, "मग साक्ष मीच देती. मानूस कमी हाय न्हवं?"

त्या टेबलाशी बसल्या. मी पाचशे एक्केचाळिसावा पत्ता साच्यात लावला. त्यांनी कागदावर बोट ठेवले आणि कानडीत मोजू लागल्या. "ओंदु, एरडु, मूरु, पाडा. ओंदु, सोडा." आवाज अजिबात हलला नाही. तो पत्ता निंगप्पाच्या डोळ्यांच्या वरच्या कडेचा होता हे मला ठाऊक होते, त्यांना मी सांगितले नाही. पत्ता पुरा व्हायला अर्धा तास लागला. चुकला नाही.

पत्ता हातात घेऊन त्यांनी विचारले, "कवा हुईल सगळं? तारीख सांगा."

मी मनात मोजले. दोघे मिळून रोज बसलो, हात साथ देत राहिला, तर दिवसाला बारा. तेराशे एकोणऐंशी पत्ते. नंतर विणणे. डॉक्टरांच्या दोन महिन्यांत हे बसत नाही, कसेही मांडले तरी बसत नाही. पाटी अजून दारावर होती.

मी म्हटले, "सांगता येत नाही, पार्वतम्मा. होणार नाही असेच वाटते."

त्यांनी मान हलवली आणि पत्ता जपून इतर पत्त्यांवर ठेवला. "दुसरा लावा," म्हणाल्या.

सबब कलम सातमधील पार्वतम्मांना मालकी देणारा, 'माझ्या पश्चात'पासूनचा सगळा मजकूर मी स्वतः रेघ मारून रद्द केला आहे, समासात सही केली आहे. तो कागद आणि ते पत्ते मी जिवंत असेपर्यंत माझ्याकडे चालू काम म्हणून राहतील. माझ्यानंतर त्यांचे काय करायचे याविषयी मी आता काही लिहीत नाही. बाकीची कलमे कायम.

हे सर्व मी वाचून घेतले, ऐकून घेतले, ते माझेच आहे आणि खरे आहे.

ठिकाण: साखर पेठ, सोलापूर
तारीख: ६ मार्च १९७८, सोमवार, दुपार

कुंडलिक हिंदुराव देठे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:

साक्षीदार १. चनबसप्पा, कारखानदार, सोलापूर (सही). यांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही.

साक्षीदार २. पार्वतम्मा, धंदा भाकरी विकणे, साखर पेठ (डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी). यांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही.